'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' : कर्ज, ऋण आणि पिपची घडण

१. प्रास्ताविक

चार्ल्स डिकन्स (१८१२-१८७०) याची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ही कादंबरी १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात त्याच्याच 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकातून ३६ हप्त्यांत क्रमशः प्रसिद्ध झाली. लोहाराच्या घरी वाढलेला पिप हा अनाथ मुलगा अज्ञात दात्याच्या पैशावर लंडनमध्ये 'जंटलमन' होतो, आपल्या माणसांना दुरावतो, पुढे हा पैसा एका कैद्याचा होता हे कळताच त्याचे मनोराज्य कोसळते आणि अखेर तो शहाणा होतो, अशी या कथानकाची रूपरेषा सांगता येईल. या रूपरेषेवरून काढले जाणारे तात्पर्यही ठरलेले असते : धनापेक्षा माणुसकी श्रेष्ठ. आपल्याकडील पदव्युत्तर वर्गांत 'व्यक्तिरेखेचा विकास' या प्रश्नाच्या उत्तरात हेच तात्पर्य थोड्याफार फरकाने लिहिले जाते.

हे तात्पर्य खोटे नाही, परंतु अपुरे आहे. एक तर त्यात सामाजिक वर्ग ही गोष्ट पात्राच्या बाहेर, एखाद्या अडथळ्यासारखी उभी राहते. नायक तिथे अडखळतो, पडतो आणि उठून पुढे जातो. दुसरे असे की, कादंबरीच्या शेवटाचा उलगडा या तात्पर्याने होत नाही. शहाणा झालेला पिप लोहारसाळेत परतत नाही. तो एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून रुजू होतो आणि कालांतराने तिचा भागीदार होतो. माणुसकीचा धडा शिकलेल्या नायकाला लेखकाने भट्टीजवळ न नेता पेढीच्या कचेरीत का नेऊन बसवले, या प्रश्नाला बगल देऊन या कादंबरीचा अभ्यास पूर्ण होऊ शकत नाही.

प्रस्तुत लेखात पिपच्या घडणीचा विचार दोन शब्दांच्या आधारे करावयाचा आहे : कर्ज आणि ऋण. मराठीत हे शब्द अनेकदा परस्परांच्या जागी येतात. 'धनको-ऋणको' या व्यवहारी जोडीत तर ऋण म्हणजे कर्जच. तरीही नित्याच्या बोलण्यात त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या राहतात. कर्जाला रक्कम असते, मुदत असते, पावती असते. ते फिटले की देणाऱ्या-घेणाऱ्याचा संबंध संपतो. ऋण मात्र मान्य करावयाचे असते. एखाद्याच्या ऋणात राहणे आपण भूषणास्पद मानतो, कर्जात राहणे मानत नाही. पिपचा वर्गप्रवास त्याला प्रत्येक ऋणाचे कर्जात रूपांतर करण्यास शिकवतो आणि त्याची नैतिक वाढ हा उलट दिशेचा प्रवास आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. या वाढीला कादंबरीनेच एक मर्यादाही घातली आहे, तिचाही विचार शेवटी केला आहे.

कादंबरीच्या शीर्षकातच हा आर्थिक संदर्भ आहे. त्या काळच्या इंग्रजी वापरात 'एक्स्पेक्टेशन्स' या अनेकवचनाला 'वारशाने मिळू घातलेली मालमत्ता' असा रूढ व्यवहारी अर्थ होता. 'अपेक्षा' किंवा 'आशा' या प्रतिशब्दांत तो अर्थ हरवतो. ५९ प्रकरणांच्या या कादंबरीचे लेखकाने तीन भाग केले आहेत आणि पहिल्या दोन भागांच्या अखेरीस पिपच्या 'एक्स्पेक्टेशन्स'चा एकेक टप्पा संपल्याची नोंद केली आहे. म्हणजेच नायकाचे आयुष्य मोजण्याचे एकक येथे मालमत्तेची आशा हे आहे.

२. लाज : वर्गाचा पहिला धडा

पिपला आपला वर्ग कळतो तो आठव्या प्रकरणात. तोवर तो गरीब आहे, बहिणीचा मार खाणारा आहे. परंतु आपण 'हलके' आहोत हे त्याला ठाऊक नाही. मिस हॅव्हिशॅमच्या सॅटिस हाउसमध्ये एस्टेला त्याच्याशी पत्ते खेळते आणि तीन गोष्टींवरून त्याला हिणवते. पत्त्यातील गुलामाला त्याने वापरलेले नाव गावंढळ आहे, त्याचे हात खरखरीत आहेत आणि त्याचे बूट जाडेभरडे आहेत. भाषा, शरीर आणि पोशाख या तीन ठिकाणी वर्ग दिसतो, हे डिकन्सने एका लहानशा प्रसंगात नेमके टिपले आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, या क्षणापूर्वी पिपने आपल्या हातांकडे कधी या दृष्टीने पाहिलेलेच नाही. आता तो एस्टेलाच्या नजरेने स्वतःकडे पाहू लागतो आणि ही उसनी नजर पुढे त्याची स्वतःचीच होऊन बसते.

या लाजेचा विस्तार कसा होतो हेही पाहण्यासारखे आहे. हातांची लाज वाटू लागली की ते हात ज्या कामासाठी आहेत त्या कामाची लाज वाटते. मग जिथे ते काम चालते त्या घराची आणि शेवटी ज्याने ते काम शिकवले त्या जोची लाज वाटते. चौदाव्या प्रकरणात निवेदक पिप कबूल करतो की, एकेकाळी जी लोहारसाळ त्याला पौरुषाकडे नेणारी उजळ वाट वाटत असे, तीच आता ओबडधोबड आणि हलकी वाटू लागली. लोहारसाळ जिथल्या तिथेच आहे. बदलले आहे ते पाहणे. येथे वर्ग हा केवळ उत्पन्नाचा प्रश्न न राहता स्वतःविषयीच्या जाणिवेचा प्रश्न होतो.

हे सारे प्रौढ पिप सांगतो आहे, याचे भान अभ्यासकाने सोडता कामा नये. अनुभवणारा पिप आणि सांगणारा पिप यांत बरीच वर्षे आणि एक मोठा भ्रमनिरास आहे. निवेदक आपल्या पूर्वायुष्याला दोष देतो, पण लाज ही भावना मुलाच्या ठायी कशी पेरली गेली हेही तो दाखवून देतो. त्यामुळे वाचकाला पिपचा राग येतो आणि त्याच वेळी त्याची कीवही येते. निवेदनातील हे दुपदरीपण नसते, तर ही कादंबरी एका कृतघ्न मुलाची बोधकथा होऊन बसली असती.

३. 'जंटलमन' : शब्द आणि व्यवहार

'जंटलमन' या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द सापडत नाही. 'सद्गृहस्थ' म्हटले की शील येते, पण दर्जा निसटतो. 'पांढरपेशा' म्हटले की हाताने काम न करणारा हा अर्थ येतो, पण शील निसटते. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात आणि व्हिक्टोरियन समाजाचा बराचसा दांभिकपणा या द्व्यर्थावर पोसला गेला. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या सॅम्युएल स्माइल्सच्या 'सेल्फ हेल्प' या लोकप्रिय ग्रंथाचे अखेरचे प्रकरण 'खऱ्या जंटलमन'विषयी आहे. चारित्र्याच्या बळावर कोणीही जंटलमन होऊ शकतो, हा विचार तेव्हा हवेत होता. डिकन्सने त्यानंतर अवघ्या वर्षभरात त्याची परीक्षा घेतली.

बाविसाव्या प्रकरणात हर्बर्ट पॉकेट हा नवा मित्र पिपला जेवणाच्या टेबलावरील शिष्टाचार शिकवता शिकवता मिस हॅव्हिशॅमची हकीकत सांगतो. तिचे वडील बिअर तयार करण्याचा कारखाना चालवीत. हर्बर्टच्या म्हणण्याप्रमाणे बिअर गाळणारा माणूस प्रतिष्ठित असू शकतो, पाव भाजणारा मात्र असू शकत नाही; असे का, ते त्यालाही सांगता येत नाही. या विनोदामागे गंभीर निरीक्षण आहे. वर्गभेदाचे नियम सर्वांना पाठ असतात, त्यांचे कारण मात्र कोणालाच माहीत नसते. हर्बर्ट पिपचे नावही बदलतो. हँडेल या संगीतकाराच्या, लोहाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका रचनेवरून तो त्याला 'हँडेल' म्हणू लागतो. लोहारकीचा उल्लेख शिल्लक राहतो, पण तो आता संगीत होऊन, सुसह्य होऊन येतो.

या विनोदाची काळी बाजू बेचाळिसाव्या प्रकरणात दिसते. मॅग्विच आणि कॉम्पिसन या दोघांवर एकाच गुन्ह्यासाठी खटला चालतो. कॉम्पिसन हा कटाचा सूत्रधार, परंतु त्याचा पोशाख, बोलणे आणि शिक्षण जंटलमनचे. त्याला सात वर्षांची शिक्षा होते, मॅग्विचला चौदा वर्षांची. वर्गाची किंमत येथे वर्षांच्या हिशेबात मांडली गेली आहे. मॅग्विचने या प्रसंगातून घेतलेला धडा साधा आहे : स्वतःला जंटलमन होता येत नसेल, तर एक जंटलमन विकत घडवावा. न्यू साउथ वेल्समध्ये मेंढपाळी करून त्याने पैसा जमवला. तिथे घोड्यांवरून धूळ उडवीत जाणाऱ्या वसाहतवाल्यांकडे पाहून तो मनाशी म्हणत असे की, तुमच्यापैकी कोणाकडेही नसेल असा जंटलमन माझ्या मालकीचा आहे. पिपवरील त्याचे प्रेम खरे आहे, पण त्या प्रेमाची भाषा मालकीची आहे. दुसरी भाषा त्याला कोणी शिकवलेली नाही.

४. देण्याच्या तीन रीती

कादंबरीच्या आरंभीच देण्याचा एक निर्मळ प्रसंग आहे. दलदलीत लपलेल्या भुकेल्या कैद्याला पिप भीतीपोटी चोरून अन्न आणि कानस आणून देतो. परंतु तो माणूस ज्या अधाशीपणे खातो ते पाहून मुलाला कणव येते आणि तो तसे बोलूनही दाखवतो. पुढे पकडला गेल्यावर मॅग्विच मुलावर आळ येऊ नये म्हणून चोरी स्वतःवर घेतो. त्यावर जो त्याला मनापासून सांगतो की, आमच्या घरचे अन्न तुम्ही खाल्ले याचे आम्हांला काही वाटत नाही; तुमचा अपराध काय असेल तो असो, तुम्ही उपाशी मरावे असे आम्ही म्हणणार नाही. जोच्या या बोलण्यात हिशेब नाही. पिपच्या पुढील सर्व देण्याघेण्याला हे माप लावता येते.

जंटलमन झालेला पिप हे माप विसरतो. अठ्ठाविसाव्या प्रकरणात तो गावी येतो, पण जोच्या घरी न जाता खानावळीत उतरतो. लंडनला परतल्यावर प्रायश्चित्त म्हणून जोला कॉड मासा आणि कालवांचे पिंप पाठवतो. न जाण्याची किंमत त्याने वस्तूत चुकती केली. ऋणाचे कर्जात रूपांतर करणे ते हेच. त्यापूर्वी अठराव्या प्रकरणात जॅगर्स या वकिलाने पिपच्या उमेदवारीच्या करारातून त्याला मोकळे करण्याबद्दल भरपाई देऊ केली तेव्हा जो कमालीचा दुखावला होता, हे येथे आठवावे. मुलाच्या मोबदल्यात पैसे ही कल्पनाच त्याला कळत नाही. पिपने मात्र जॅगर्सची रीत उचलली आहे.

या रीतीचा अंत एकोणचाळिसाव्या प्रकरणात होतो. वादळी रात्री मॅग्विच पिपच्या दारी येतो. आपला खरा दाता हाच, हे अजून न कळलेला पिप त्याने पूर्वी एका अनोळखी माणसाच्या हाती पाठवलेल्या दोन पौंडांची परतफेड म्हणून एकेक पौंडाच्या दोन नव्या कोऱ्या नोटा त्याला देतो. मॅग्विच त्या दिव्यावर धरून जाळून टाकतो. पिपला वाटते की आपण कर्ज फेडून मोकळे झालो. प्रत्यक्षात त्याचे घर, कपडे, शिक्षण, मित्रमंडळीतील पत सारे याच माणसाच्या श्रमातून आले आहे. दोन नोटांची राख होते आणि न फिटणारे देणे समोर खुर्चीवर बसलेले असते. पिपची पहिली प्रतिक्रिया शिसारीची आहे. ती अर्थातच वर्गाने शिकवलेली आहे.

यानंतरच्या घटनाक्रमात डिकन्सने गुप्त दानाचे सूत्र तीनदा वापरले आहे आणि या तिन्हींची तुलना केल्याशिवाय पिपची वाढ नीट उमगत नाही. पहिले दान मॅग्विचचे : ते गुप्त आहे, पण अखेर मालकी सांगण्यासाठी गुप्त आहे. दुसरे दान पिपचे : एकविसाव्या वाढदिवशी मिळालेल्या ५०० पौंडांपैकी निम्मी रक्कम देऊन तो क्लॅरिकरच्या पेढीत हर्बर्टसाठी भागीदारीची गुप्तपणे सोय करतो. पुढे मॅग्विचचा पैसा न घेण्याचे ठरवल्यावर ही व्यवस्था पुरी करण्यासाठी तो मिस हॅव्हिशॅमकडे ९०० पौंड मागतो. स्वतःसाठी मात्र काहीही मागत नाही. हर्बर्टला ही गोष्ट अनेक वर्षांनी आणि तीही क्लॅरिकरकडून कळते. मालकी न सांगता देणे पिपला जमले ते येथे. विशेष म्हणजे या दानाचा आरंभ त्याच्या उधळेपणाच्या काळातच झालेला आहे. पूर्ण पतनानंतर पूर्ण शुद्धी असा सोपा आलेख लेखकाने आखलेला नाही.

तिसरे दान जोचे. मॅग्विचच्या मृत्यूनंतर पिप आजारी पडतो, त्याच वेळी १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्स एवढ्या कर्जापायी त्याच्यावर अटकेचा प्रसंग येतो. जो येऊन त्याची शुश्रूषा करतो, कर्ज फेडतो आणि पिप हिंडूफिरू लागताच एका पहाटे न सांगता निघून जातो. मागे एक छोटी चिठ्ठी आणि कर्जफेडीची पावती राहते. रकमेचा इतका काटेकोर, पेन्सपर्यंतचा उल्लेख येथे यावा, यात योगायोग नाही. कर्ज पेन्सपर्यंत मोजता येते आणि फिटते; जोचे देणे त्या पावतीच्या बाहेर राहते. पिप गावी धावतो तो आता ते फेडण्यासाठी नव्हे, तर मान्य करण्यासाठी. पुढे तो जो आणि बिडीला सांगतो की, हे पैसे मी कष्ट करून परत करीनच, पण त्याने माझे देणे तिळभरही फिटले असे मला वाटणार नाही. या वेळी त्याला दोन्ही शब्दांचा भेद कळलेला असतो.

मॅग्विचच्या बाबतीतही हेच घडते. पकडल्या गेलेल्या जखमी मॅग्विचजवळ नावेत बसलेल्या पिपला जाणवते की, आपण जोशी जितके चांगले वागलो त्याहून हा माणूस आपल्याशी अधिक चांगला वागला. ३२ स्त्री-पुरुषांना एकाच वेळी मृत्युदंड सुनावला जात असताना तो मॅग्विचचा हात हातात धरून उभा असतो. खरखरीत हातांची लाज बाळगणाऱ्या मुलाने भर न्यायालयात कैद्याचा हात धरणे, ही त्याच्या घडणीची दृश्य खूण होय. ही मालमत्ता सरकारजमा होणार हे पिपला ठाऊक आहे, तरी तो ते मरणाऱ्या माणसाला कळू देत नाही.

५. संबोधनाचा प्रश्न

येथवर पिपच्या वाढीचा विचार झाला. परंतु त्या वाढीने वर्गाची भिंत पडली काय? याचे उत्तर जोच्या भाषेत शोधावे लागते. सत्ताविसाव्या प्रकरणात जो लंडनला येतो. हातातली टोपी कोठे ठेवावी ते त्याला कळत नाही, ती पुन्हा पुन्हा खाली पडते. पिपशी बोलताना तो मधूनच जुन्या मायेचे संबोधन वापरतो आणि मधूनच त्याला 'सर' म्हणतो. इंग्रजीत द्वितीय पुरुषी सर्वनाम एकच असल्यामुळे डिकन्सला हा सारा भार संबोधनावर टाकावा लागला. मराठी अनुवादकाला मात्र प्रत्येक वाक्यात 'तू' की 'आपण' याचा निर्णय करावा लागेल. जोने 'तू' म्हणता म्हणता एकदम 'आपण' म्हणावे, यातील दुखरेपण मराठी वाचकाला निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

याहून बोलका प्रसंग सत्तावन्नाव्या प्रकरणात आहे. पिप अंथरुणाला खिळलेला असेपर्यंत जो त्याच्याशी लहानपणच्याच जवळिकीने बोलतो. पिपच्या अंगात जसजशी शक्ती येते, तसतसा जो संकोचू लागतो आणि 'सर' हा शब्द परत येतो. पिप आता बदललेला आहे, त्याला जोची लाज उरलेली नाही. तरीही दुरावा परततो, कारण तो केवळ पिपच्या मनात नव्हता. एका माणसाच्या पश्चात्तापाने समाजातील अंतर मिटत नाही, ही जाण डिकन्सने जोच्या एका शब्दातून दिली आहे.

६. घडणीची मर्यादा

ज्युलियन मॉयनाहन यांनी १९६० साली लिहिलेल्या निबंधात ऑर्लिक हा लोहारसाळेतील मजूर म्हणजे पिपचे काळे प्रतिरूप आहे, पिपच्या दडपलेल्या सूडभावना तो कृतीत आणतो, असे सुचवले. हे वाचन मानसशास्त्रीय अंगाने मोलाचे आहे. त्याला वर्गाची जोड दिली तर आणखी एक गोष्ट दिसते. पिप आणि ऑर्लिक एकाच भट्टीवर काम करतात; एकाला दाता मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. ज्याला दाता मिळाला त्याचीच घडण कादंबरी सांगते. ऑर्लिकच्या वाट्याला केवळ द्वेष येतो, अंतर्मन येत नाही. बिडीचीही स्थिती विचारात घ्यावी. ती पिपपेक्षा अधिक शहाणी आहे, जोला लिहावाचायला तीच शिकवते. पण तिच्या शहाणपणाची जडणघडण लेखकाला सांगावीशी वाटलेली नाही.

एडवर्ड सैद यांनी 'कल्चर अँड इंपीरिअलिझम' (१९९३) या ग्रंथात या कादंबरीतील वसाहतींच्या स्थानाकडे लक्ष वेधले. मॅग्विचला ऑस्ट्रेलियात श्रीमंत होण्याची मुभा आहे, इंग्लंडला परतण्याची नाही. आणि शेवटी पिपला मिळणारी नवी प्रतिष्ठा पूर्वेकडील व्यापारातून येते. पिप कैरो येथील शाखेत काम करतो आणि ११ वर्षांनी गावी येतो. म्हणजे एका वसाहतीतील पैसा नाकारून त्याने साम्राज्याच्या दुसऱ्या वाटेवरील मिळकत स्वीकारली. फरक आहे तो एवढाच की ही मिळकत पगाराची आहे, स्वकष्टाची आहे, तिचा उगम त्याला ठाऊक आहे. ती भागीदारीही त्याने केलेल्या एकमेव निरपेक्ष दानातून त्याच्याकडे परत आलेली आहे. नैतिकदृष्ट्या ही योजना सुसंगत आहे, सामाजिकदृष्ट्या ती तडजोड आहे.

शेवटाच्या बाबतीत लेखकाने स्वतःही तडजोड केली. एडवर्ड बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून डिकन्सने मूळचा शेवट बदलला. मूळ शेवटात लंडनच्या रस्त्यावर एस्टेलाची ओझरती भेट होते आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. छापलेल्या शेवटात सॅटिस हाउसच्या उजाड आवारात त्यांची भेट होते आणि ते हातात हात घेऊन बाहेर पडतात. मूळ शेवट फॉर्स्टरच्या डिकन्सचरित्रातून वाचकांसमोर आला. कोणता शेवट सरस, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्गाच्या दृष्टीने एक बाब दोन्ही शेवटांत समान आहे : पिप लोहारसाळेत पाहुणा म्हणून येतो. चुलीजवळच्या त्याच्या जुन्या जागी आता जो आणि बिडीचा लहान पिप बसलेला असतो.

७. समारोप

सारांश, 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधील पिपचा विकास हा खालच्या वर्गातून वरच्या वर्गात किंवा गर्वातून नम्रतेत झालेला सरळ प्रवास मानणे पुरेसे नाही. वर्ग त्याच्या मनात लाजेच्या रूपाने शिरतो, जवळच्या माणसांचे उपकार पैशात चुकते करण्याची सवय लावतो आणि दोन नोटा जळाल्यावर ही सवय निरुपयोगी ठरते. नंतरचा पिप ऋण मान्य करण्यास शिकतो. परंतु त्याच्या भोवतीची समाजरचना तशीच राहते. जोचे 'सर' म्हणणे आणि पिपचे पेढीत जाणे ही त्याची साक्ष आहे.

व्यक्तिरेखेचा विकास शिकवताना आपण बहुधा पात्र आरंभी कसे होते आणि अखेरीस कसे झाले, एवढीच तुलना विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. त्याला आणखी दोन प्रश्नांची जोड द्यावी असे वाटते : या पात्राच्या वाढीचा खर्च कोणी सोसला आणि ज्यांनी सोसला त्यांच्या वाढीला कादंबरीत जागा मिळाली काय? पिपच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे मॅग्विच, जो, बिडी आणि ऑर्लिक यांच्यापाशी आहेत. आपल्या विद्यार्थ्यांत आईवडिलांच्या कष्टाच्या पैशावर शिकायला आलेले, घरच्या बोलीची वर्गात लाज वाटणारे अनेक असतात. त्यांच्यापुढे हे प्रश्न ठेवले, तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही इंग्रजी कादंबरी ते तात्पर्यापलीकडे जाऊन वाचतील.